आधी दूध, मग मसाला. साबण राहू द्या

प्रश्न असा आहे. पुण्याहून बदली होऊन इंदूरला आलेलं जोडपं, दोघंही नोकरीला, घरात तीन वर्षांची मुलगी. पाकिटातलं काही नको म्हणून ताईंनी या हिवाळ्यात सगळं घरी करायचं ठरवलं: दही, तूप, पनीर, मसाले, भांडी घासायचं लिक्विड, फरशी पुसायचं पाणी, आणि जमलं तर अंगाचा साबण. महिनाभरात दही लागेना, तुपाला वास यायला लागला, क्लीनरसाठी आंबवत ठेवलेली संत्र्याच्या सालींची बाटली ओट्यावर फुटली आणि घरातली मंडळी वैतागली. त्यांनी विचारलंय की नोकरी सांभाळून हे जमतं का, सुरुवात कुठून करायची, आणि यात पैसे खरंच वाचतात का.

मी इंदूरच्याच लोकमान्य नगरात राहते. मसाले आणि लोणची ऑर्डरप्रमाणे करून देते, बरीच वर्षं झाली. नव्यानं संसार मांडलेल्या मुली माझ्याकडे शिकायला येतात, त्यातल्या निम्म्या हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून जरा बैजवार लिहिते.

ताई, तुमचं अडलंय ते कृतीपाशी नाही. कृती मोबाइलवर हव्या तितक्या मिळतात. तुम्ही यादी केली ती दुकानातल्या फळ्यांकडे बघून. दही एका फळीवर, तूप दुसरीवर, क्लीनर तिसरीवर. मग प्रत्येक वस्तूचा कच्चा माल वेगळा, भांडं वेगळं, तिच्यासाठी राखलेला रविवार वेगळा. अशानं कुणीही थकेल. स्वयंपाकघर चालतं ते जिन्नस धरून. दूध घरात आलं की त्याची साय निघते, सायीचं लोणी, लोण्याखाली ताक, तूप कढवल्यावर बेरी. एकामागून एक गोष्टी आपसूक येतात, वेगळा घाट घालावा लागत नाही. एक जिन्नस शेवटपर्यंत वापरायची सवय आधी लावा, मग दुसऱ्याला हात घाला. माझ्या अनुभवात टिकतात ती घरं अशीच सुरुवात केलेली असतात.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. दूध थैलीचं घेता की भैयाकडचं सुटं? नळाला नर्मदेचं पाणी येतं की सोसायटीचं बोअर आहे? गच्चीवर ऊन मिळतं का? आणि मदतीला दुसरे हात आहेत का? निपानियाकडच्या दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणि राजेंद्र नगरातल्या जुन्या बैठ्या घरात एकच सल्ला चालत नाही. त्यामुळे पुढे जिथे फरक पडतो तिथे सांगत जाते.

दुधापासूनच धरू. थैलीच्या दुधावर जाड साय धरत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते. त्यात दूधवाल्याची लबाडी नाही. थैलीतलं बरंचसं दूध होमोजिनाइज केलेलं असतं, म्हणजे त्यातल्या स्निग्धांशाचे कण दाबाखाली इतके बारीक फोडलेले असतात की ते वर तरंगून येत नाहीत. चहाला आणि दह्याला ते उत्तम, सायीला निरुपयोगी. तुम्हाला तूप घरचं हवं असेल तर ओळखीच्या माणसाकडून म्हशीचं सुटं दूध घ्या आणि ते नीट उकळा, कच्चं कुणाला देऊ नका. तशी सोय नसेल तर दही घरी लावा, तूप विकतचं आणा आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. फुल क्रीम दुधात 6 टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये 3. म्हणजे फुल क्रीममधला थेंबन्‌थेंब काढता आला तरी किलोभर तुपाला सोळा-सतरा लिटर दूध लागेल, आणि थेंबन्‌थेंब कुणालाच काढता येत नाही. फक्त तुपासाठी म्हणून दूध घेतलं तर हिशेब कधीच जुळायचा नाही. पिण्यासाठी, चहासाठी रोज दीडएक लिटर म्हशीचं दूध तसंही घरात येत असेल तर वर येणाऱ्या सायीतून महिन्याकाठी किलोभर तूप निघतं, आणि ते जवळजवळ फुकटचं असतं.

आता तुमचं दही. पुण्यातली सवय इथे जानेवारीत चालणार नाही. माळव्यातली रात्र थंड असते, पारा दहाच्या आसपास उतरतो. विरजणातले जिवाणू चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उबेत जोमानं वाढतात, आणि तुमचं पातेलं रात्री अकरालाच गार पडलेलं असतं. उपाय सोपा आहे. दूध उकळल्यावर लगेच गॅस बंद करू नका, मंद आचेवर पाच-सात मिनिटं अधूनमधून ढवळत राहू द्या. त्यामुळे दुधातली प्रथिनं बदलतात आणि दही घट्ट लागतं. मग निवू द्या. धुतलेली करंगळी बुडवून सावकाश दहापर्यंत मोजा: ऊब चांगली जाणवली पाहिजे, पण बोट काढावंसं वाटता कामा नये. हिवाळ्यात अर्ध्या लिटरला मोठा चमचाभर विरजण, ते आधी वाटीत थोड्या दुधात घोळवून घ्यायचं. पातेलं कॅसरोलमध्ये, नाहीतर जुन्या शालीत गुंडाळून कणकेच्या डब्यात. आठ-दहा तास हलवायचं नाही. मे महिन्यात हेच सगळं उलटं करायचं: दूध जेमतेम कोमट, विरजण बोटाच्या पेराएवढं, आणि चार-पाच तासांत फ्रिजमध्ये, नाहीतर दुपारपर्यंत आंबट ढाण.

दह्याला तार सुटत असेल तर ते विरजण बिघडलेलं आहे. त्यात भलते जिवाणू वरचढ झालेत. त्यावर दूध उकळून किंवा साखर घालून काही होत नाही. ते विरजण टाका आणि शेजारणीकडून चांगलं मागून आणा. इथे शेजारी विरजण मागायला गेलं की वाटीबरोबर पाव तास गप्पाही मिळतात, नव्या माणसाला त्या उपयोगी पडतात.

तुपाचा वास तुम्ही साय साठवता त्या भांड्यातून येतोय. गोडी साय फ्रिजमध्ये पंधरा-वीस दिवस राहिली की थंडीत वाढणारे जिवाणू तिच्यावर काम करतात, ती कडवट होते, आणि तो कडवटपणा कढवून जात नाही. पहिल्या दिवशी सायीच्या भांड्यात चमचाभर दही घाला, रोजची साय त्यावर टाकत जा आणि आठवड्याला घुसळा. आठवड्याला जमणार नसेल तर भांडं फ्रीजरमध्ये ठेवा. घुसळताना थंडीत किंचित कोमट पाणी, उन्हाळ्यात बर्फाचं. लोणी गोळा झालं की दोन-तीन पाण्यांनी धुवा, धुतल्यावरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. आत ताक राहिलं की तूप लवकर खवट होतं आणि बेरी खाली करपते.

कढवताना कान ठेवा. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं. सुरुवातीला ते मोठे बुडबुडे काढत चडचड आवाज करत जातं, वर पांढरा जाड फेस येतो. या वेळी मोबाइल हातात घेतलात तरी चालेल. मग आवाज बारीक होत जातो, फेस विरतो, तुपाचा तळ दिसायला लागतो. इथून पुढे हलायचं नाही. पाणी संपल्यामुळे तुपाचं तापमान आता भराभर वर चढतं. थोड्या वेळात बारीक, साबणासारखा दुसरा फेस वर येतो आणि तळाची बेरी बदामी व्हायला लागते. बदामी व्हायला लागली की गॅस बंद, कारण पातेल्याच्या उष्णतेवर ती आणखी एक छटा पुढे जाणारच आहे. तांबूस होईपर्यंत थांबलात तर गाळताना ती काळपट झालेली सापडेल. विड्याचं पान टाकायचं असेल तर याच वेळी टाका. बेरीत साखर घालून मुलीला द्या, नाहीतर पोळीच्या कणकेत घाला. ताक दोन दिवस पुरतं, आंबलं की कढी.

पनीर त्या मानानं सोपं आहे. लिटरभर फुल क्रीम दुधाचं पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम निघतं. उकळी आली की गॅस बंद करा, दोन मिनिटांनी लिंबाचा रस थोडा थोडा घाला, पाणी हिरवट दिसलं की थांबा. जास्त लिंबू पडलं की पनीर रबरासारखं होतं. निघालेल्या पाण्यात कणीक भिजवा. रोज करायची ही गोष्ट नाही, दूध नासायच्या बेतात असलं की करायची.

एवढंच महिनाभर करा. दुसरं काही नाही. दुधाचं बस्तान बसलं की हात आपोआप मोकळा होतो, कारण यातली बहुतेक कामं स्वयंपाक करता करताच होतात.

मग मसाले. इथे तुम्ही फार सोयीच्या गावात आला आहात. सियागंजात खडा मसाला ठोकच्या भावात मिळतो. मिरची निमाडातली, खरगोन जिल्ह्यातल्या बेडियाच्या मंडीतून येते. धने गुना-कुंभराजकडचे. पुण्याला यातलं बरंचसं दोन हात फिरून जातं. पूड करण्यापेक्षा सगळा माल अख्खा घेण्यातच अर्धं काम झालं, कारण भेसळ पुडीत करणं सोपं असतं: हळदीला पिवळेपणा यावा म्हणून शिशाचं क्रोमेट आणि तिखटाला रंग यावा म्हणून कापड रंगवायचे रंग घातल्याची प्रकरणं पकडली गेली आहेत. अख्ख्या धन्याला किंवा हळकुंडाला तुम्ही हातात घेऊन, मोडून, वास घेऊन बघू शकता.

नोकरी करणाऱ्या बाईनं वर्षाचा गोडा मसाला एकदम करू नये असं माझं मत आहे. आमच्या सासवा करायच्या, पण त्यांच्याकडे चार बायका होत्या आणि महिन्याला किलोभर मसाला उठायचा. तुमच्या तिघांच्या घरात वर्षाचा मसाला ऑगस्टपर्यंत वास हरवून बसेल. त्यातही आधी खवट होतात ते खोबरं आणि तीळ, कारण त्यांत तेल असतं. म्हणून मी शिकायला येणाऱ्या मुलींना दोन बरण्या करायला सांगते. एका बरणीत कोरडा भाग: पाव किलो धने असतील तर पन्नास ग्रॅम जिरे, पंधरा ग्रॅम दगडफूल, दहा-दहा ग्रॅम लवंग आणि दालचिनी, थोडं शहाजिरं, तमालपत्र, नागकेशर, मसाला वेलची, हळकुंड आणि हिंगाचा खडा. हे चार-सहा महिने छान राहतं. दुसऱ्या छोट्या बरणीत भाजून कुटलेले तीळ-खोबरं, महिन्यापुरतं, तेही फ्रिजमध्ये. भाजी करताना दोन्हींतला चमचा चमचा.

दगडफूल निवडायला कंटाळू नका. ते झाडाच्या सालीवर आणि दगडावर वाढतं, त्यामुळे सालीचे तुकडे आणि माती त्यात असतेच. वर्तमानपत्रावर पसरून एकेक फूल उघडा, मागची काळी बाजू झटका. मग अर्धा चमचा तेलावर अगदी मंद आचेवर परता. सुरुवातीला ओल्या लाकडासारखा वास येतो, तो बदलून भाजलेल्या मसाल्याचा खोल वास सुटला आणि बोटात धरल्यावर फूल चुरलं की झालं. धने-जिरे कोरडेच भाजायचे, लवंग-दालचिनी-हिंग तेलावर, आणि प्रत्येक जिन्नस वेगळा, कारण धने होईपर्यंत जिरं जळतं. सगळं थाळ्यात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना मिक्सरला लावलं की वाफ धरून पूड गठ्ठ्यानं बसते आणि वास तिथल्या तिथे उडून जातो.

तिखट मात्र घरच्या मिक्सरवर करू नका. नवी मिरची बाजारात उतरते ते दिवस जानेवारी ते मार्च. घ्या, देठं काढा, दोन दिवस कडक ऊन द्या आणि चक्कीवर न्या. चक्कीवाल्याला आधी विचारा की आताच काय दळलंय. हळद दळून झाली असेल तर थांबा, कुणाची मिरची दळून झाली असेल तर तिच्या पाठोपाठ तुमची टाका, आणि पहिली मूठभर पूड बाजूला काढा. गच्चीवर ऊन नसेल तर चक्कीवरच कडकडीत वाळलेली मिरची मागा, बरेच जण ठेवतात.

जिरावणाचं सांगायचं राहिलं. इंदुरात आलात म्हणजे पोह्यांवर ते लागणारच. घरी करायला पंधरा मिनिटांचं काम: भाजलेलं जिरं आणि धने, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, सुंठ, हिंग, थोडं तिखट, लवंग आणि जायफळाचा कीस. तुमच्या चवीनं आमचूर वाढवा. मुलीच्या डब्यातल्या उकडलेल्या बटाट्यावरही चालतं.

आणि सेव? सेव घरी पाडू नका. ज्या गावात गल्लीच्या तोंडाशी दिवसभर ताजी सेव पडते तिथे घरी सोऱ्या लावून, दीड लिटर तेल तापवून, मग उरलेल्या तेलाचं काय करायचं याची चिंता करत बसण्यात काही हशील नाही. पाव, केचप, नूडल्स यांचंही तसंच. वर्षातून एकदा हौसेखातर करा, नेमात धरू नका.

गव्हाबद्दल थोडं, कारण इंदूरला त्याशिवाय घरचं खाणं पूर्ण होत नाही. एप्रिलमध्ये नवा गहू येतो आणि छावनीच्या मंडीतून घरोघरी वर्षाचा गहू भरला जातो. तिघांच्या घराला एकदम वर्षाचा नको, चार-सहा महिन्यांचा पुरे. पोळीला लोकवन किंवा शरबती. कठिया गहू बाफल्यांना (उकडून भाजलेल्या बाट्यांना) आणि रव्याला चांगला, पोळी मात्र त्याची जरा चिवट होते. घेताना दाणा दाताखाली फोडा, कट्‌ आवाज आला पाहिजे. दबला तर ओल आहे, ऊन द्या. मग कोरड्या कोठीत वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासकट भरा, किंवा हाताला एरंडेल लावून दाणे चोळा. पीठ दोन-तीन आठवड्यांचंच दळून आणा, कोंड्यातल्या तेलामुळे जास्त ठेवलं की कडवट लागतं. एक गोष्ट निक्षून सांगते: धान्यात टाकायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्यांना लोक सल्फासच्या गोळ्या म्हणतात, घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा त्यानं जीव जातो आणि त्यावर उतारा नाही. कुणी किराण्याच्या दुकानात कागदाच्या पुडीत बांधून देऊ केल्या तरी नको म्हणा.

लोणच्याचा हंगाम मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा, पहिला पाऊस पडायच्या आत. किलोभर कैरीच्या फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ. त्याहून कमी करू नका, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं असेल तर लोणचं कमी खा. फोडी पुसून कोरड्या, तेल गरम करून पूर्ण निवलेलं, फोडींच्या वर बोटभर. कैरी आंबट असल्यामुळे हे सुरक्षित असतं. मात्र नुसता लसूण तेलात बुडवून बाहेर ओट्यावर ठेवायची जी रील फिरते ती करू नका. लसणात आंबटपणा नाही, तेलाखाली हवा नाही, आणि अशा जागी बोट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात. त्याचं विष वासावरून कळत नाही. लसूण घालायचाच तर भरपूर लिंबाच्या रसात किंवा कैरीबरोबर.

आता घर स्वच्छ करायच्या वस्तू. यात माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. खाण्याच्या वस्तू घरी केल्या की ताजेपणा मिळतो. साबणाला ताजेपणाचा काही उपयोग नाही. उलट घरचा साबण चार ते सहा आठवडे वाळवत ठेवावा लागतो. तो कॉस्टिक सोड्याशिवाय होत नाही, कुठल्याही नैसर्गिक नावानं विकत असले तरी. अर्धा किलो खोबरेलाला साधारण 91 ग्रॅम कॉस्टिक सोडा पूर्ण खाऊन टाकतो, म्हणून सौम्य साबणासाठी 86-87 ग्रॅम घेतात. दहा ग्रॅम जास्त पडला तर साबण कातडी सोलतो. शिवाय सोडा पाण्यात सोडायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. अॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही. मिश्रण क्षणात वाफाळण्याइतकं तापतं. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. मी तरी हे करणार नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्यांनाही लहान मूल असेपर्यंत शिकवत नाही.

पाण्याचाही प्रश्न आहे. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियमशी साबणाची गाठ पडून पांढरट साका होतो. फेस येत नाही, बादलीला कड धरते, कपडे राठ होतात. सुदामा नगरात बोअरवर असलेल्या एका ओळखीच्या घरात सगळे कपडे घरच्या साबणानं धुवायचा प्रयोग झाला. पांढरे सदरे राखाडी पडले, मग त्यांनी मुकाट्यानं डिटर्जंट आणलं. रिठ्याचं पाणी जड पाण्यातही काम करतं, त्यानं लोकरीचे कपडे, रेशमी साड्या, चांदीचे दागिने छान निघतात. पण रिठ्याचं पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं. घरी केलेल्या अशा सगळ्या वस्तूंची ही मेख आहे: ज्यात पाणी आहे आणि टिकवणारं औषध नाही, ते नासतं. त्यामुळे कोरफडीचं जेल, घरचा शांपू, क्रीम असलं काही बाटल्या भरून करू नका. उटणं करा, शिकेकाईची पूड करा. मसूर डाळ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, संत्र्याची साल हे सगळं कोरडं, बरणीत महिनोन्‌महिने राहतं.

तुमची बाटली फुटली ती गॅस कोंडल्यामुळे. गूळ एक भाग, साली तीन, पाणी दहा हे प्रमाण बरोबर आहे, पण आंबताना त्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. काचेची बाटली नको, प्लास्टिकची घ्या, चौथा हिस्सा रिकामा ठेवा आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून पुन्हा लावा. तीन महिने लागतात. तयार होतं ते सौम्य आम्ल, जवळपास व्हिनेगरसारखं. नळावरचे पांढरे डाग, बाथरूमच्या बादल्या, गीझरच्या पाण्यानं धरलेले थर यांवर ते उत्तम. संगमरवर आणि कोटा फरशीवर मात्र नको. दोन्ही दगड चुन्याच्या जातीचे, आम्लानं त्यांची चकाकी जाते, आणि इंदुरातल्या अर्ध्या घरांत कोटाच असतो. जंतुनाशक म्हणूनही त्यावर भिस्त ठेवू नका. आणि ब्लीचमध्ये ते कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो; संडासात दोन्ही एका पाठोपाठ ओतणं हेही मिसळणंच झालं.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून क्लीनर करतात, त्यात फसफस दिसते खरी, पण ती थांबली की उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. दोघांनी एकमेकांना मारून टाकलेलं असतं. वेगवेगळे वापरा: सोडा करपलेल्या पातेल्याला, व्हिनेगर किंवा लिंबू पांढऱ्या थरांना. तांब्या-पितळेला चिंच-मीठ. भांड्यांचं लिक्विड विकतचंच घ्या. बाजारात त्याचं जे घरी करायचं किट मिळतं त्यात अॅसिड स्लरी असते, म्हणजे कारखान्यातलंच रसायन तुम्ही ओट्यावर ढवळत बसता. फिनाइलच्या किटचंही तेच, त्यात आपण फक्त पाणी घालतो.

पैशांचं विचारलंत. सरळ सांगायचं तर सुट्या दुधाच्या सायीचं तूप, दही, मसाला आणि तिखट यात वाचतात. पनीरमध्ये बरोबरी होते. लोणच्यात थोडे वाचतात, पण खरा फरक तेलाच्या दर्जात दिसतो. साबणात, क्रीममध्ये, पावात जातातच, कारण लहान प्रमाणात घेतलेला कच्चा माल महाग पडतो आणि निम्मा उरून फुकट जातो. तुमच्या वेळेचे पैसे धरलेत तर मसालाही महाग ठरेल, तेव्हा तो हिशेब मांडायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी मांडत नाही, पण माझा तो धंदाच आहे.

वेळेचं म्हणाल तर रोज दहा मिनिटं आणि आठवड्यातून एका सकाळी तासभर, याहून जास्त लागायला लागलं की समजा यादी पुन्हा वाढली. घुसळणं आणि तूप कढवणं घरातल्या साहेबांकडे द्या. याला मोठी हातोटी लागत नाही, नुसतं लक्ष लागतं, आणि स्वतः कढवलेल्या तुपाबद्दल माणूस सहसा तक्रार करत नाही. मुलीला दगडफूल निवडायला बसवा, मिरचीजवळ फिरकू देऊ नका.

सध्या थंडी आहे तोवर फक्त दही आणि सायीचं भांडं एवढंच सांभाळा. फेब्रुवारीच्या शेवटी एखाद्या सकाळी सियागंजला जाऊन दोन किलो मिरची आणि पाव किलोचा खडा मसाला आणा. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात, आणि दुपारी बारानंतर तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. जाण्याआधी दूध कुठलं घेता आणि नळाला पाणी कुठलं येतं ते इथे लिहिलंत तर प्रमाणं त्याप्रमाणे सांगते.